पाणचक्की : एक राबती वास्तु

छत्रपती संभाजीनगरांत पाहुणा आला कीं त्यास प्रथम बीबीच्या मकबऱ्यास न्यावयाचें आणि वेळ उरल्यास पाणचक्की दाखवावयाची, असा आमच्या सुशिक्षित कुटुंबांचा प्रघात आहे. आमच्या घरींही तो वर्षानुवर्षें पाळला गेला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु हा क्रम आमच्या अभिरुचीस फारसा भूषणावह नाहीं.

मकबऱ्याचें सौंदर्य कोण नाकारील? तथापि ताजमहालाचें स्मरण करून देण्याची त्याची धडपड लपत नाहीं. संगमरवर काय तो तळाच्या पट्ट्यास आणि घुमटास. मधल्या काळ्या पाषाणावर चुन्याचा गिलावा चढवून शुभ्रतेचा आभास साधला आहे. पाणचक्कीस असें कांहीं भासवावयाचें नाहीं.

उद्योगोपयोगी संशोधनाची इमारत म्हटली कीं पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा डोळ्यांपुढें येते. तिचें उद्घाटन १९५० च्या जानेवारींत झालें. तेथें प्रयोग आंत चालतात, आणि इमारत त्यांस आसरा देते. पाणचक्कींत इमारत हाच प्रयोग आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली आणि नहरी काढून तीस पाणी पुरविलें. त्याच विद्येचा पुढचा पाठ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत, खाम नदीच्या कांठीं, विटाचुन्यांत लिहिलेला आहे.

आवारांत शिरतांच एक उंच, रुंद भिंत दिसते. तिच्यावर ना कमान, ना वेलबुट्टी. दूरच्या डोंगराळ भागांतून जमिनीखालून आलेलें पाणी या भिंतीच्या पोटांत शिरतें. उगमाची पातळी गांठण्याचा पाण्याचा स्वभावच त्यास माथ्यापर्यंत चढवितो, आणि तेथून तें हौदांत कोसळतें. कसलाही पंप नाहीं. भिंतीची उंची ठरविण्यांत शिल्पकाराच्या नजरेपेक्षां त्या दूरच्या झऱ्याचा अधिकार मोठा होता. तरीही ती प्रमाणबद्ध वाटते! आम्हांस तर वाटतें, म्हणूनच वाटते.

हौदाची योजना याहून चतुर आहे. त्याचा तळ हेंच खालच्या विस्तीर्ण दालनाचें छत होय. वर पाणी, खालीं विसावलेले यात्रेकरू. वैशाखांतही तेथें गारवा जाणवतो. कारंजीं मात्र केवळ शोभेचीं. शिल्पकारास एवढी हौस माफ करावी.

आणि चक्की? फकीर व यात्रेकरू यांच्यासाठीं धान्य दळणारें तें जातें एका लहानशा जागेंत आहे. प्रवाह खालच्या पात्यांच्या चाकावर सोडला कीं वरची तळी फिरे. प्रेक्षकांची गर्दी मात्र सारी याच ठिकाणीं. चाक पाहिलें, "वा!" म्हटलें, कीं मंडळी उपाहाराकडे वळतात. वस्तुतः चाक हें त्या दीर्घ वाक्याचें शेवटचें क्रियापद. वाक्य सुरू होतें कोसांमागें, डोंगरांत.

दुःख आहे तें येथेंच. आवार राखलें जातें, पण नहरींचा मार्ग ठिकठिकाणीं फुटला आहे, कोठें नव्या बांधकामांखालीं दडपला गेला आहे. त्या नहरी या वास्तूच्या बाहेरच्या आहेत अशी आपली समजूत दिसते. मकबऱ्याचा एखादा मीनार कोणी पाडूं लागला असता तर आपण गप्प बसलों असतों काय?

पुढच्या पाहुण्यास आम्ही आधीं पाणचक्कीस नेणार आहों, आणि तीही चाकापासून नव्हे, तर त्या भिंतीपासून दाखविणार आहों. मकबरा वेळ उरल्यास.