तुओल स्लेंग : आपण उभे कुठं आहोत?

आज आपण एका संग्रहालयाची समीक्षा करणार आहोत, आणि खरं सांगायचं तर थोडा संकोच वाटतो. जिथं माणसं मारली गेली, तिथं दोष काढायचे कसे? पण संग्रहालय ही कुणीतरी केलेली मांडणी असते, आणि मांडणीला प्रश्न विचारता येतात.

कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह. तुओल स्लेंग ही मुळात तिथली एक शाळा. १९७५ साली ख्मेर रूज सत्तेवर आले, पुढं या शाळेचा तुरुंग झाला. सांकेतिक नाव एस-२१. १२,००० हून अधिक कैदी इथं आणले गेले. जानेवारी १९७९ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा जिवंत उरलेले बोटांवर मोजण्याइतके.

आज तिथं लोखंडी खाटा आहेत, व्हरांड्यांना काटेरी तारा आहेत; कैद्यांनी उडी मारून जीव देऊ नये म्हणून लावलेल्या. आणि मग ते फोटो. ओळीनं शेकडो चेहरे, बहुतेकांखाली नाव नाही. बघताना आपला गळा दाटून येतो. पण जरा थांबा. हे फोटो काढले कुणी? तुरुंगानंच. म्हणजे आपण नेमके तिथं उभे आहोत, जिथं तो कॅमेरा होता! चेहऱ्याखाली नाव हवं, ते यासाठी. नाहीतर तुरुंगानं केलेली ओळख तेवढी शिल्लक राहते.

दुसरा मुद्दा 'जेनोसाइड' या पाटीवरच्या शब्दाचा. मराठीत आपण 'नरसंहार' आणि 'वंशसंहार' सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. न्यायाधिकरणानं मात्र २०१८ साली वंशसंहाराचा दोष ठरवला, तो व्हिएतनामी आणि चाम मुस्लिमांच्या हत्यांबद्दल. एस-२१ मधले बहुसंख्य बळी ख्मेरच होते, त्यांतले पुष्कळसे ख्मेर रूजचेच कार्यकर्ते, काही तर इथलेच पहारेकरी. व्हिएतनामच्या पाठिंब्यानं आलेल्या सरकारनं १९७९ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. पोल पॉटला नाझींच्या रांगेत बसवणं त्याच्या सोयीचं होतं. कालचा मारेकरी आज बळी, ही गुंतागुंत त्या पाटीखाली झाकली जाते.

मग संग्रहालय फसलं का? नाही. कवट्यांचा केलेला नकाशा २००२ साली तिथून हलवला. म्हणजे मांडणी बदलू शकते. पहारेकऱ्यांत कित्येक जण शाळकरी वयाची पोरं होती. ती तशी कशी घडली, हे फोटोंची भिंत सांगत नाही. 'किती क्रूर होते ते' एवढंच म्हणून आपण बाहेर पडलो, तर ती भेट अर्धीच राहिली म्हणायची.