वरातीमागून लोकल

पुस्तकांची परीक्षणं रोज छापून येतात. नगररचनेच्या नकाशाचं मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक तो कादंबरीहून रंगतदार. पिवळ्या रंगात माणसं राहणार, निळ्यात धंदा करणार, हिरव्यात संध्याकाळी फिरणार. सगळी पात्रं कशी मुठीत!

नव्या मुंबईचा नकाशा मला दाखवला आमच्या मेहुण्याने, 1982 साली, वाशीला जागा घेताना. कथानक झकास होतं. मुंबई उत्तरेकडे शेपटीसारखी किती लांबवणार? खाडीपलीकडे नवं शहर वसवा, सरकारी कचेऱ्या तिकडे न्या, माणसं मागोमाग येतील, असं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली 'मार्ग'मध्ये मांडलं होतं. 1970 साली सिडको निघाली. मांडव पडला.

"भावजी, ही पाहा आमची रेल्वे!"

"रेघ तुटक का रे?"

"नियोजित आहे. येईल वर्षा-दोन वर्षांत."

नवरदेव काही आलाच नाही. सरकार नरिमन पॉइंटला ठाण मांडून बसलं. 1981 साली विधानभवनाची नवी इमारतदेखील तिथेच उभी राहिली. घोडं, म्हणजे लोकल, खाडी ओलांडून वाशीला आलं ते 1992 साली. तोवर त्या वर्षी जन्मलेली मेहुण्याची मुलगी पाचवीत गेली, आणि बसला लोंबकळून मेहुण्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला, असं आमची ही म्हणते.

आणि आम्ही? आम्ही डोंबिवली गाठली. कल्याणपर्यंत रूळ 1854 सालीच पोचले होते. त्यांच्या कडेने आम्ही मुंगळ्यांसारखे पसरलो. कुठल्या रंगात राहतोय, हे विचारलं कुणी? स्टेशन किती मिनिटांवर, एवढंच विचारलं.

तेव्हा परीक्षक म्हणून माझं मत असं: कल्पना उत्तम, प्रकरणांचा क्रम चुकला. शहराला हिरव्या रंगाने आवर बसत नाही. ते चाकामागे धावतं. त्याला वळवायचं, तर आधी रूळ आणि कचेऱ्या, मग बिऱ्हाडं. पुढे वाशी गजबजली, हे खरं. पण मधली दहा वर्षं मेहुण्याला कोण परत देणार?

परवा त्याची तीच मुलगी पनवेलपलीकडच्या जागेचा नकाशा घेऊन आली. मी चष्मा लावला. मेहुण्याने माझ्याआधीच विचारलं,

"रेघ सलग आहे ना गं?"