तिसऱ्यातून दुसऱ्यात

गियर बदलण्यातली कला अनुभवायची असेल तर मागच्या सीटवर बसावं, आणि रस्ता परतवाड्याहून घटांगमार्गे चिखलदऱ्याला चढणारा असावा. मागे बसलेल्याला चालवणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. त्याच्याकडे असतो इंजिनाचा आवाज आणि स्वतःची मान. आवाज वरच्या पट्टीत गेला आणि मान मात्र जागची हलली नाही, की समजावं, तिसऱ्यातून दुसरा पडला. गाडी चालवण्यातली ही माझी सर्वात लाडकी जागा आहे.

वरचे गियर सरावानं कुणालाही साधतात. अमरावती-अकोला महामार्ग त्यासाठी उत्तम. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला, तोच हा रस्ता. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन. बडनेरा सोडलं, पाचवा टाकला, की मूर्तिजापूर येईपर्यंत डाव्या हाताला फारसं काम उरत नाही. वरचा गियर टाकताना इंजिनाचे फेरे कमी व्हावे लागतात आणि ॲक्सिलरेटर सोडला की ते आपोआप कमी होतात. चालवणाऱ्यानं घाई केली नाही म्हणजे झालं. नवशिका नेमकी तिथेच लिव्हर मुठीत आवळून ढकलतो. मग शेजारून आवाज येतो, ‘हात ढिला सोड ना बापा, जोर काऊन लावून रायला?’ माझ्या मते याहून नेमका धडा नाही. लिव्हर न्यूट्रलला आला की क्षणभर तिथे रेंगाळू द्यावा. पुढची खाच तो स्वतःच शोधतो.

त्या क्षणात आत काय चालतं, ते फार सुंदर आहे. गियरबॉक्समध्ये दोन भाग वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. चालत्या बैलांवर जू ठेवायचं तर दोघांची चाल एक व्हावी लागते, तसंच इथे. एक पितळी कडी गियरच्या शंकूवर घासते, वेग सारखे करते, आणि मगच दात दातांत बसतात. हा सिंक्रोमेश १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आला. त्याआधीचे चालक, आणि नंतरही कित्येक वर्षं जुन्या ट्रकांचे चालक, हे काम कानानं करत. खालचा गियर टाकताना: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक झटका, पुन्हा क्लच, मग गियर. चुकलं तर दातांची करकर अख्ख्या रस्त्याला ऐकू जाई.

सिंक्रोमेशनं ते ओझं उतरवलं, पण अर्धंच. गियरबॉक्सच्या आतले वेग तो जुळवतो. इंजिन आणि गियरबॉक्स यांचे वेग जुळवणं आजही पायाकडेच आहे. म्हणून घाट हवा. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर, परतवाडा त्याच्या बरंच खाली. चढावर वळण आलं, गाडीचा दम कोंडला, इंजिन घुमायला लागलं. आता खालचा गियर हवा, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढायला हवेत, आणि ते आपोआप वाढत नाहीत. नुसता क्लच सोडला तर चाकंच इंजिनाला ओढून वर आणतात आणि सगळ्यांच्या माना पुढे जातात. जाणता चालक क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायानं ॲक्सिलरेटर किंचित दाबतो, इंजिन दुसऱ्या गियरच्या वेगाला आणून ठेवतो, आणि मग क्लच उचलतो. पुढे जाणाऱ्या गाडीचा ओघ कुठेच तुटत नाही. किती दाबायचं, हे टॅकोमीटरच्या काट्याकडे बघून येत नाही. त्या गाडीचा दुसऱ्या गियरमधला आवाज आधीच कानात असावा लागतो. क्लच अर्धा धरून ही कसर भरून काढणारे पुष्कळ भेटतात. गाडी चढते, पण क्लचप्लेट जळल्याचा वास येतो, आणि मला त्यात रस वाटत नाही.

उतरताना हीच कला जीव सांभाळते. दुसऱ्यात धरलेलं इंजिन गाडीला मागून आवरतं, ब्रेक तापत नाहीत. पावसाळ्यात धुकं रस्त्यावर उतरतं, तेव्हा तर वळण दिसण्याआधीच गियर पडलेला हवा, कारण वळणात क्लच दाबला की तेवढा वेळ गाडीला आवरणारं इंजिन सुटलेलं असतं.