अंगावरच्या केसांचा प्रश्न

रंगमंचावर प्राणी आणायचा म्हटलं की आधी केसाळ कापड आठवतं. माझ्या मते मात्र कृत्रिम फर हे नेपथ्य-वेशभूषेतलं सर्वांत फसवं साहित्य आहे. दुकानात खरी वाटणारी फर दिव्यांखाली एकसंध गोळा होते. एकाच रंगाच्या दाट केसांत सावल्या हरवतात आणि लांडग्याऐवजी सोफ्याचं कव्हर दिसू लागतं.

जाणते कारागीर हे ओळखून असतात. ते कापड पालथं घालून फक्त मागचं विणकाम ब्लेडनं कापतात. कात्री चालवली तर केसही तुटतात आणि शिवणीवर टक्कल पडतं. प्रत्येक तुकड्यावर केसांचा कल मानेकडून शेपटीकडे ठेवतात, शिवणीत अडकलेले केस सुईनं उपसतात, तोंडाजवळचे केस छाटतात, पाठीवर गडद रंगाचे हात देतात. फर लावण्याइतकंच फर कमी करण्याचं हे काम आहे.

लंडनमध्ये १९८१ साली आलेल्या 'कॅट्स'मध्ये जॉन नेपियर यांनी हाच विचार टोकाला नेला. अंगाला घट्ट बसणारे रंगवलेले कपडे, याकच्या केसांचे टोप, आणि बाकी मांजर नर्तकाच्या पाठीच्या कण्यात. २०१९च्या चित्रपटात टॉम हूपर यांनी नटांच्या अंगावर संगणकानं केसन् केस उगवला. चित्रपट प्रदर्शित झाल्यावरही दुरुस्त दृश्यांची नवी प्रत चित्रपटगृहांना पाठवावी लागली. पण चूक तंत्रात नव्हती, असं मला वाटतं. फर जितकी खरी होत गेली, तितका तिच्यातला माणसाचा चेहरा खोटा ठरत गेला. रंगमंचावरचा नट 'मी मांजर आहे असं समजू या' म्हणत होता. पडद्यावरच्यानं आपल्याला समजायला काही ठेवलंच नाही.

२००७च्या 'वॉर हॉर्स'मधला घोडा तर वेताच्या सांगाड्यावर ताणलेल्या विरळ कापडाचा. तीन माणसं तो चालवतात आणि ती आपल्याला दिसतात. केपटाऊनच्या हँडस्प्रिंग मंडळींनी कातडीऐवजी श्वासावर मेहनत घेतली. छाती वरखाली होते, कान वळतो. तेवढ्यावर घोडा जिवंत होतो.

मग फर टाकूनच द्यावी का? नाही. राजाच्या झग्याला पांढऱ्या फरची किनार आणि तिच्यावर काळे झुपके हवेतच. तिथे फर सत्तेची खूण असते, प्राणी होण्याचा दावा करत नाही. शिवाय त्यासाठी आता कुणाचा जीव घ्यावा लागत नाही. अर्थात ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, त्यामुळे पुण्याचा हिशेब फार ताणू नये.

आपल्या बालनाट्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अस्वलाच्या जाड पोशाखात शिरलेलं मूल घामानं निथळतं, त्याला धड वाकता येत नाही, आवाज आतच घुटमळतो. पोशाख अस्वलाचा असतो, हालचाल मात्र पिंपाची. खर्च करायचाच तर कान, पंजे आणि मानेभोवतीच्या चार बोटं फरवर करावा. उरलेला वेळ अस्वल कसं चालतं ते पाहण्यात घालवावा. समोर बसलेली मुलं उरलेलं अंग स्वतः भरून घेतात.