वनाच्छादनाचे मापन : आकड्यांच्या तुलनीयतेचा प्रश्न

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा पहिला वनस्थिती अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर साधारणतः दर दोन वर्षांनी असे अहवाल निघत आले आहेत. इतक्या विस्तीर्ण देशाची मोजणी इतके सातत्य राखून करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु या अहवालांतील आकडे एका ओळीत मांडून त्यांवरून वनांची वाढ वा घट ठरविणे कितपत युक्त आहे, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासला पाहिजे.

पहिली अडचण व्याख्येची आहे. किमान एक हेक्टर क्षेत्रावर वृक्षवितानाची घनता १० टक्के वा अधिक असेल, तर मालकी, उपयोग व कायदेशीर दर्जा न पाहता ती भूमी या अहवालांत वनाच्छादित मानली जाते. त्यामुळे कोकणातील आंब्याच्या बागा, निलगिरीची लागवड आणि सह्याद्रीतील सदाहरित अरण्य ही तिन्ही एकाच बेरजेत येतात. उलटपक्षी, सरकारी नोंदीत वन असलेले दख्खनचे गवताळ माळरान या बेरजेतून गळते. अन्न व कृषी संघटनेची व्याख्या निराळी आहे. ती अर्ध्या हेक्टरापासून मोजते, वृक्षांच्या पाच मीटर उंचीची अट घालते आणि मुख्यतः शेतीखाली असलेली भूमी वगळते. मात्र तोडीनंतर तात्पुरती उघडी पडलेली वनभूमी वनातच धरते. म्हणजे एक व्याख्या आच्छादन मोजते, तर दुसरी भूमीचा उपयोग. दोन्ही आपापल्या हेतूस योग्य असतील. पण एकीचे उत्तर दुसरीच्या प्रश्नास देता येत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. पुइराव्हो, दाविदार व लॉरन्स यांनी २०१० साली भारताच्या एकूण वनाच्छादनातून लागवडीचे क्षेत्र वजा करून पाहिले. अधिकृत आकडे वाढ दाखवीत असताना नैसर्गिक वन दरसाल १.५ ते २.७ टक्क्यांनी घटत असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. लागवडीच्या क्षेत्राचे अंदाज स्वतःच सदोष असू शकतात. म्हणून या दरांविषयी मतभेद संभवतो. तथापि बेरीज स्थिर राहूनही अरण्य नाहीसे होऊ शकते, हा त्यांचा मूळ मुद्दा अबाधित राहतो.

दुसरी अडचण साधनांची. पहिल्या अहवालास आधारभूत असलेल्या उपग्रह प्रतिमांत सुमारे ८० मीटरांहून लहान तपशील दिसत नसे, आणि त्यांचे वाचन डोळ्यांनी होत असे. २००१ च्या अहवालात संपूर्ण देशासाठी संगणकीय पद्धती आली, नकाशाचे प्रमाण १:५०,००० झाले आणि एक हेक्टरापर्यंतचे तुकडे नोंदले जाऊ लागले. १९९९ च्या अहवालातील ६,३७,२९३ चौरस किलोमीटरांचा आकडा २००१ मध्ये ६,७५,५३८ झाला. दोन वर्षांत ३८,००० चौरस किलोमीटरांहून अधिक वन उगवले असे कोणी म्हणणार नाही. पूर्वी नकाशात न मावणारे तुकडे आता मोजले गेले, हेच त्या वाढीचे मुख्य कारण होय. पानझडी वनांत ऋतूचाही प्रश्न येतो. विदर्भातील सागवन उन्हाळ्यात उपग्रहास उघडे भासते. म्हणून प्रतिमा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील घ्याव्या लागतात.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. २०२१ च्या अहवालात वनाच्छादन ७,१३,७८९ व २०२३ च्या अहवालात ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आहे. वजाबाकी १,५५४ येते. परंतु अहवालाने सांगितलेली वाढ केवळ १५६ आहे. याचा अर्थ तुलनेपूर्वी मागील आकडा सुधारून घेण्यात आला. ही सुधारणा शास्त्रास धरूनच आहे. मात्र त्यामुळे जुने प्रसिद्ध आकडे जसेच्या तसे वापरणारा अभ्यासक चुकीच्या निष्कर्षावर पोहोचतो. शिवाय १५६ चौरस किलोमीटर ही एकूण क्षेत्राच्या ०.०२ टक्के एवढीच वाढ आहे. २०२१ च्या अहवालात वन व वनेतर यांच्या वर्गीकरणाची अचूकता ९५.७९ टक्के सांगितली होती. वर्गीकरणातील चुका परस्परविरोधी असल्यास काही अंशी एकमेकींस छेदतात. म्हणून या दोन टक्केवाऱ्यांची सरळ तुलना करता येत नाही. पण चुका किती छेदल्या गेल्या हे ठरविण्यास बदलाचेच स्वतंत्र नमुने घेऊन त्याच्या अंदाजाची त्रुटिमर्यादा काढावी लागते. तिच्या अभावी इतक्या अल्प फरकास वाढ म्हणण्यापेक्षा 'बदल सिद्ध नाही' असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वन वा वृक्षाच्छादन असावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट क्षेत्रफळात मांडले की, बाग लावून अरण्याची तूट भरून काढल्याचे समाधान मिळू शकते. म्हणून नैसर्गिक वन, लागवड व फळबाग यांची क्षेत्रे पृथक् दाखविणे, निव्वळ फरकाबरोबर एकूण हानी व एकूण भर स्वतंत्रपणे देणे आणि प्रत्येक बदलासोबत त्रुटिमर्यादा नोंदविणे, या तीन गोष्टी अहवालाकडून अपेक्षिल्या पाहिजेत. तोवर या आकड्यांवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधात व्याख्या, प्रतिमांचा काळ व नकाशाचे प्रमाण यांचा उल्लेख आवश्यक मानावा.