उपजातीचे तिसरे पद : पर्वतीय भू-भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणातील निकषांची चिकित्सा

प्रास्ताविक

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणात जातीचे नाव दोन पदांचे, तर उपजातीचे नाव तीन पदांचे असते. पहिल्या दोन पदांविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी ती पदे असावीत, याविषयी दुमत नाही. तिसऱ्या पदाविषयीचा वाद मात्र ते मुळात असावे की नसावे, येथपासून सुरू होतो. या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण कॅराबस या वंशातील पर्वतनिवासी भुंगेऱ्यांमध्ये आढळते. उपजात ठरविण्यासाठी आजवर वापरलेले निकष या भुंगेऱ्यांच्या संदर्भात कितपत टिकतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जमिनीवर वावरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कॅराबिडी कुलात सुमारे ४०,००० जाती गणल्या जातात. लिनियसने १७५८ साली स्थापन केलेला कॅराबस हा या कुलातील देखणा आणि संग्राहकांना विशेष प्रिय असलेला वंश होय. १९३२ ते १९३७ या काळात स्टेफान फॉन ब्रॉयनिंग याने या वंशाचा समग्र आढावा घेतला. त्यानंतरही मांडणी स्थिरावली नाही. एका अभ्यासकाचा उपवंश हा दुसऱ्याचा स्वतंत्र वंश ठरतो. आल्प्समधील ओरिनोकॅराबस गटात तर काहींनी जात मानलेले समूह इतरांनी केवळ उपजात मानले आहेत. वस्तू तीच, नमुने तेच आणि निर्णय मात्र भिन्न, अशी ही स्थिती आहे.

पर्वत आणि अलगता

या अस्थिरतेचे मूळ प्राण्याच्या जीवनक्रमातच आहे. कॅराबस वंशातील बहुसंख्य जातींना उडता येत नाही. त्यांचे मागील पंख खुरटलेले असतात. फिलिप डार्लिंग्टन याने १९४३ साली पर्वत आणि बेटांवरील कॅराबिडी कुलाचा अभ्यास करताना पंखांच्या या ऱ्हासाकडे लक्ष वेधले. जो प्राणी केवळ पायांनी चालतो, त्याला एक खोल दरी किंवा रुंद नदी म्हणजे सीमाच होय. त्यात हिमयुगांची भर पडली. कार्ल होल्डहाउस याने १९५४ च्या आपल्या ग्रंथात युरोपच्या प्राणिसृष्टीवर उमटलेल्या हिमयुगाच्या खुणांचा मागोवा घेतला आहे. बर्फाने वेढलेल्या अथवा बर्फाच्या कडेला उरलेल्या आश्रयस्थानांत काही समूह तग धरून राहिले आणि दीर्घकाळ एकमेकांपासून तुटले.

याचा परिणाम असा, की जवळपास प्रत्येक पर्वतरांगेवरचा भुंगेरा शेजारच्या रांगेवरील भुंगेऱ्याहून थोडासा वेगळा दिसतो. हा वेगळेपणा खरा असतो. प्रश्न एवढाच, की प्रत्येक खऱ्या वेगळेपणाला नाव द्यावे काय?

एका लक्षणाचा आधार

उपजात ओळखण्याचा एक परिचित निकष डीन अमाडन याने १९४९ साली मांडला. एका समूहातील निदान ७५ टक्के नमुने दुसऱ्या समूहातील जवळजवळ सर्व नमुन्यांपासून वेगळे ओळखता यावेत, असे त्याचे स्वरूप आहे. निकष सोयीचा आहे. पण ७५ च का, याला निसर्गात उत्तर नाही. शिवाय कोणते लक्षण मोजायचे, याविषयीही तो मौन पाळतो.

हीच उणीव हेरून एडवर्ड विल्सन आणि विल्यम ब्राउन यांनी १९५३ साली उपजातीच्या संकल्पनेवरच प्रहार केला. रंग, आकार, पृष्ठभागावरील कोरीव रेषा ही लक्षणे एकमेकांच्या बरोबरीने बदलत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. रंगाने सीमा आखली तर ती एका दरीत पडते, आकाराने आखली तर दुसऱ्या. एकच लक्षण दूरदूरच्या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उद्भवू शकते, हेही त्यांनी दाखवून दिले. त्रिपदी नावाऐवजी स्थळाचा साधा उल्लेख पुरेसा आहे, असे त्यांचे मत होते.

भू-भुंगेऱ्यांच्या बाबतीत या आक्षेपाला बळ देणारा पुरावा विपुल आहे. कॅराबस ऑरोनिटेन्स हा हिरव्या-सोनेरी झळाळीचा भुंगेरा. परंतु त्याचे गडद, काळपट नमुनेही आढळतात. केवळ रंगावर विसंबणारा संग्राहक येथे सहज फसतो. अशा रंगभेदांना नावे देण्याची प्रथा इतकी बोकाळली होती, की १९६० नंतर ‘प्रकार’ किंवा ‘रूप’ म्हणून दिलेल्या नव्या नावांना आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेने मान्यता नाकारली. त्यापूर्वीची अनेक नावे मात्र उपजातीच्या दर्जाने टिकून राहिली आणि आजच्या याद्यांवर त्यांचा भार आहे.

आकाराची कथा अधिक उद्बोधक आहे. जपानच्या शिकोकू बेटावरील कॅराबस तोसानस ही जात जसजशी उंचावर जाते तसतशी लहान होत जाते. हा फरक आनुवंशिक की थंडीमुळे खुंटलेल्या वाढीचा? निरनिराळ्या उंचीवरील समूहांची संतती नियंत्रित तापमानात वाढवून केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आनुवंशिक भेद आणि तापमानाचा प्रभाव असे दोन्ही घटक आढळले. संग्रहालयातील टाचणीला लावलेला नमुना हे दोन घटक वेगळे करून सांगू शकत नाही. केवळ मोजपट्टीवर उभी केलेली उपजात म्हणूनच संशयास्पद ठरते.

जननेंद्रिये आणि जनुके

बाह्य लक्षणे दगा देतात म्हणून अभ्यासक नराच्या जननेंद्रियाकडे वळले. जपानमधील ओहोमोप्टेरस उपवंशात या अवयवाची रचना कुलूप-किल्लीप्रमाणे मादीच्या अवयवाशी जुळते. तेजी सोता आणि कोहेई कुबोता यांनी १९९८ साली दाखविले, की कॅराबस मायासानस आणि कॅराबस इवावाकियानस या दोन जातींत समागम झाल्यास नराचा अवयव तुटण्याचे आणि मादीला अंतर्गत इजा होण्याचे प्रकार घडतात. येथे लक्षण केवळ ओळखीची खूण राहत नाही. संकराला अडथळा आणणारी ती यंत्रणा असते. अशा भेदाचे मोल रंगभेदाहून निश्चितच अधिक आहे. मात्र तो मुख्यतः जातींची सीमा दाखवितो. एकाच जातीतील समूहांना वेगळे करण्यास तो नेहमीच उपयोगी पडत नाही.

जनुकीय पुराव्याने सर्व वाद मिटतील, ही अपेक्षाही पूर्ण झालेली नाही. याच उपवंशात सोता आणि आल्फ्रीड फोगलर यांना २००१ साली मायटोकाँड्रियातील जनुकांनी दर्शविलेली वंशावळ आणि पेशीकेंद्रातील जनुकांनी दर्शविलेली वंशावळ परस्परांशी विसंगत आढळली. जातींमध्ये पूर्वी झालेल्या संकराने मायटोकाँड्रियाची जनुके सीमा ओलांडून जाऊ शकतात. म्हणजे विल्सन आणि ब्राउन यांनी बाह्य लक्षणांविषयी घेतलेला विसंगतीचा आक्षेप जनुकांनाही लागू पडतो. एका लक्षणावरची श्रद्धा सोडून एका जनुकावर श्रद्धा ठेवणे ही प्रगती नव्हे.

नाव आणि संरक्षण

तर मग तिसरे पद टाकूनच द्यावे काय? येथे विल्सन आणि ब्राउन यांच्या भूमिकेची मर्यादा स्पष्ट होते. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशातील यादीत पीडमाँटमधील सेसेरा खोऱ्याच्या परिसरापुरती सीमित असलेली कॅराबस ऑलिंपिए ही जात अग्रक्रमाने संरक्षणीय मानली आहे. त्याच यादीत, त्याच अग्रक्रमाने, कॅराबस मेनेट्रिएसी पाखोलेई ही उपजातही आहे. मूळ जात ईशान्य युरोपात पसरलेली. ही उपजात मात्र मध्य युरोपातील मोजक्या पीट-दलदलींत उरलेली. तिसरे पद पुसले तर तिच्या दलदलींचे विशेष संरक्षण कोणत्या नावाने मागावयाचे? स्थळाचा साधा उल्लेख शास्त्रज्ञाला पुरतो, कायद्याला पुरत नाही.

परंतु हाच युक्तिवाद उलटही फिरतो. ज्या नावावर दलदलीचे भवितव्य अवलंबून आहे, ते नाव काही मोजक्या नमुन्यांच्या किरकोळ फरकावर उभे असेल, तर पहिल्याच आक्षेपासरशी संरक्षणाचा आधार डळमळतो. शिवाय, दुर्बल नावांची गर्दी झाली की सबळ नावावरील विश्वासही उडतो.

निष्कर्ष

उपजातीचे नाव हे भेदाचे वर्णन नसून इतिहासाविषयीचे विधान आहे. अमुक समूह अमुक प्रदेशात दीर्घकाळ अलग राहून वेगळ्या वाटेने गेला, असे ते सांगते. पर्वतीय भू-भुंगेऱ्यांच्या बाबतीत हे विधान करण्यापूर्वी तीन अटींची पूर्तता अपेक्षित आहे. पहिली, परस्परांहून स्वतंत्र अशी किमान दोन-तीन लक्षणे एकाच भौगोलिक सीमेवर जुळावीत. दुसरी, तो भेद केवळ उंची वा तापमानामुळे घडलेला नाही, हे तपासलेले असावे. तिसरी, दोन शिखरांच्या मधल्या उतारांवरील नमुने पाहिलेले असावेत. कारण टोकाचे नमुने नेहमीच भिन्न दिसतात आणि खरा निर्णय मधल्या प्रदेशात होतो. या अटींना न उतरणारी नावे निःसंकोचपणे समानार्थी ठरवावीत. उतरणारी मात्र तितक्याच आग्रहाने राखावीत. तिसरे पद टाकून देण्याचे कारण नाही, पण ते स्वस्तही होता कामा नये.