‘युरोप’ आणि त्याचे रसिक

एखाद्या कलावंताची निंदा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनीं केली तर तींत नवल कांहींच नाहीं. परंतु ज्यांनीं त्याच्या गाण्यावरून आपलें तारुण्य ओवाळून टाकलें त्याच लोकांनीं, तो प्रौढ होतांच, ‘हा आमचा नव्हे’ असें म्हणावें हा प्रकार विचार करण्याजोगा आहे. स्वीडनमधील ‘युरोप’ या वाद्यवृंदाच्या वांट्यास २००४ सालापासून हाच प्रकार आला. त्या वर्षीं त्याची ‘स्टार्ट फ्रॉम द डार्क’ ही तबकडी बाहेर पडली आणि त्याच्या चाहत्यांत उभी फूट पडली. ती पुढच्या पांच तबकड्यांनींहि बुजली नाहीं. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, या मंडळींनीं आपली देवदत्त देणगी, म्हणजे गोड चाल, स्वतःच्या हातानें फेकून दिली. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, पोरखेळ संपून खरें संगीत आतां कोठें सुरू झालें. मला या दोहोंपैकीं एकहि पक्ष सर्वस्वीं पटत नाहीं, आणि कां पटत नाहीं तें सांगण्याचा येथें विचार आहे.

ज्या संगीतावरून हा वाद माजला त्याचें स्वरूप आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रॉक संगीताची जी शाखा ‘मेलॉडिक रॉक’ या नांवानें ओळखली जाते तींत गिटारचा गडगडाट असतो, ड्रमचे दणके असतात, पण राज्य चालतें तें चालीचें. ध्रुवपद असें बांधावयाचें कीं एकदां कानीं पडतांच तें ओठांवर यावें. गायकाचा गळा तार सप्तकांत न ओढतां न ताणतां खेळला पाहिजे. आणि गळा व गिटार यांच्यामध्यें जी पोकळी राहील ती सिंथेसायझरच्या स्वरांनीं भरून काढावयाची. अमेरिकेंतील ‘जर्नी’ हा वृंद या पद्धतीचा आदर्श समजला जातो. हें काम वरवर सोपें दिसतें. प्रत्यक्षांत शंभर गाण्यांतील नव्याण्णव गाणीं गुळचट होऊन बसतात आणि एखादेंच खरें गोड उतरतें. परंतु तें एक उतरलें म्हणजे मग त्याला देशाची आणि भाषेची सीमा राहत नाहीं.

‘युरोप’चें तें एक गाणें सर्वांस ठाऊकच आहे. स्टॉकहोमजवळील उप्लँड्स वेस्बी या उपनगरांत १९७९ सालीं कांहीं पोरांनीं ‘फोर्स’ या नांवानें हा वृंद काढला. १९८२ सालीं ‘रॉक-एसएम’ नांवाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आणि नांव बदलून १९८३ व १९८४ सालीं दोन तबकड्या काढल्या. या दोन तबकड्या आज फारसें कोणी ऐकत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांत जॉन नोरमची गिटार पुढें आहे, आणि जोई टेम्पेस्टच्या गाण्यांत उत्तरेकडील लांबलचक हिवाळ्याला शोभणारी एक उदास छटा आहे. पुढें १९८६ सालीं ‘द फायनल काउंटडाउन’ आलें. त्याच्या आरंभींची ती तुतारीसारखी स्वरपंक्ति टेम्पेस्टनें विद्यार्थिदशेंत, मिक मिकेलीकडून मागून आणलेल्या ‘कॉर्ग पॉलिसिक्स’ वाद्यावर, गाणें तयार होण्याच्या कित्येक वर्षें आधीं बसविली होती. मैफलीच्या आरंभीं वाजवावयास बरी, एवढाच तिच्याविषयींचा मूळ हेतु. तिनें पंचवीस देशांत पहिला क्रमांक मिळविला. पाठोपाठ ‘कॅरी’ हें मृदु गीत अमेरिकेच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, आणि आजच्या वादांत तिचा सर्वांस विसर पडलेला दिसतो. कीर्तीचा असा पूर लोटला असतां नोरम त्याच १९८६ सालीं वृंद सोडून गेला. सिंथेसायझरनें गिटारला झांकून टाकलें, आणि आपण वाजविणारे राहिलों नसून देखावा झालों, हें त्याचें दुःख होतें. म्हणजे दिशेविषयींच्या मतभेदाची पहिली ठिणगी रसिकांत पडली नाहीं. ती वृंदांतच, ऐन विजयाच्या क्षणीं पडली. नोरमच्या जागीं की मार्सेलो आला. हा बोटांचा अतिशय चपळ वादक. त्याच्यासह १९८८ सालीं ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ आणि १९९१ सालीं ‘प्रिझनर्स इन पॅरडाइज’ या तबकड्या निघाल्या. दुसरीच्या नशिबीं असें आलें कीं ज्या सप्टेंबरांत ती बाजारांत आली त्याच सप्टेंबरांत ‘निर्व्हाना’ची ‘नेव्हरमाइंड’ आली, आणि केंस विंचरून गाणारे सारे वृंद एका रात्रींत शिळे ठरले. १९९२ सालीं ‘युरोप’नें काम थांबविलें. १९९९ च्या शेवटच्या रात्रीं स्टॉकहोम येथें ही मंडळी दोन्ही गिटारवाद्यांसह एकदां एकत्र आली. परंतु खरें पुनर्मीलन झालें तें २००३ सालीं, आणि तें नोरमला घेऊन.

बारा-तेरा वर्षें वाट पाहणाऱ्या रसिकाच्या हातीं मग जी तबकडी पडली ती ऐकून त्याचा विरस झाला असेल तर त्याला दोष देतां येत नाहीं. ‘स्टार्ट फ्रॉम द डार्क’मध्यें गिटारच्या तारा खालच्या सुरांत उतरविलेल्या आहेत, मिकेलीचीं वाद्यें पाठीमागें ढकललीं आहेत, आणि ज्या तार स्वरांसाठीं टेम्पेस्टची ख्याति त्यांचें दर्शन क्वचितच घडतें. गंमत अशी कीं या तबकडीचा निर्माता केव्हिन एल्सन. म्हणजे ज्यानें १९८६ ची तबकडी घडविली, आणि ‘जर्नी’च्या उत्कर्षकाळींहि जो त्यांच्याबरोबर होता, तोच. तेव्हां ‘परक्या हातानें घात केला’ असें म्हणण्याचीहि सोय उरली नाहीं.

या तबकडीपुरती तक्रार मला बव्हंशीं न्याय्य वाटते. मात्र तिचें कारण लोक देतात तें नव्हे. मंडळी बदलली हा दोष नाहीं. दोष हा कीं, त्या वेळीं बाजारांत जो जड, काळवंडलेला नाद चालू होता तोच त्यांनीं अंगावर घेतला. एक फॅशन सोडून दुसरी धरली एवढेंच. पहिली निदान त्यांच्या हौसेची होती; दुसरींत ‘आम्हीहि आजचे आहों’ असें पटवून देण्याची धडपड ऐकूं येते. २००६ सालची ‘सीक्रेट सोसायटी’ याच वाटेची. तिच्यावर अधिक लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

परंतु पुढें जें घडलें तें निराळें आहे, आणि तक्रारखोर पक्ष तें पहिल्याच मापानें मोजतो, ही त्याची चूक. २००९ सालच्या ‘लास्ट लुक ॲट ईडन’मध्यें तंतुवाद्यांचा भव्य घोष आला आणि चालीहि थोड्याफार परत आल्या. २०१२ सालीं केव्हिन शर्लीच्या देखरेखीखालीं ‘बॅग ऑफ बोन्स’ निघाली. ती उघड उघड ब्लूजच्या वळणाची. २०१५ सालीं ‘वॉर ऑफ किंग्स’ आणि २०१७ सालीं, लंडनच्या ॲबी रोड येथें मुद्रित झालेली, ‘वॉक द अर्थ’. या दोहोंचा निर्माता डेव्ह कॉब. अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या गायकांबरोबर ज्याचें नांव झालें तो हा मनुष्य. या तबकड्यांत मिकेलीचीं वाद्यें पुन्हां पुढें आलीं. पण सिंथेसायझर नव्हे, हॅमंड ऑर्गन. आणि त्या ऑर्गनच्या घरघरत्या, लाकडी स्वराबरोबर आपण थेट १९७० नंतरच्या दहा वर्षांत, ‘डीप पर्पल’ आणि ‘लेड झेपेलिन’ यांच्या काळांत जाऊन पोंचतों.

म्हणजे ज्या दिशेला ‘नवी’ म्हणून रसिक भांडतात ती वस्तुतः जुनीहून जुनी आहे! हीं पोरें गिटार हातीं धरावयास शिकत होतीं त्या दिवसांत त्यांच्या कानांत जें घुमत होतें, तेंच पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनीं पुन्हां उचललें. कालिदासाला ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत नव्या कवीची बाजू प्रस्थापितांपुढें मांडावी लागली, येथें प्रतिष्ठित कवीलाच, स्वतःच्या एका प्रसिद्ध कृतीविरुद्ध, स्वतःच्या बालपणाची बाजू मांडावी लागत आहे. रसिक ज्याला मूळ ‘युरोप’ समजतात तें ‘युरोप’ १९८६ ते १९९१ या पांच वर्षांचें, आणि त्यांतला बराचसा काळ नोरमवांचूनचा. मूळ कोणतें आणि फांदी कोणती, हें ठरविण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला त्यानें प्रथम जें ऐकलें त्यावरून मिळत नाहीं.

तथापि या पक्षाचा एक मुद्दा खरोखरीच वजनदार आहे. तो असा: नांव हें वचन असतें. टेम्पेस्टनें १९९५, १९९७ व २००२ सालीं स्वतःच्या नांवानें तीन तबकड्या काढल्या. त्यांचें वळण अगदीं वेगळें होतें, पण ‘युरोप’च्या चाहत्यांनीं त्याबद्दल बंड केलें नाहीं. मग ‘युरोप’ हें नांव, आणि त्या नांवामागची जुनी पुण्याई, वापरून निराळा माल कां द्यावा? याला माझें उत्तर एवढेंच कीं, नांव माणसांचें असतें, चालीचें नसतें. २००४ नंतर वाजविणारे पांच जण, टेम्पेस्ट, नोरम, जॉन लेवेन, मिकेली आणि इयन हॉगलंड, हे १९८६ च्या तबकडीवरचेच पांच आहेत. जो मनुष्य सिंथेसायझरला कंटाळून गेला होता त्याला पुन्हां घरांत घेतल्यावर घर पूर्वीसारखें सजवावें, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. उलट, केवळ तिकिटें खपतात म्हणून याच पांच जणांनीं अंतःकरणांत नसलेलीं ‘कॅरी’सारखीं आणखी दहा गाणीं रचलीं असतीं, तर वचनभंग अधिक मोठा झाला असता.

शिवाय गळ्याचाहि विचार केला पाहिजे. टेम्पेस्टचा जन्म १९६३ चा. तेविसाव्या वर्षीं जो स्वर सहज लागतो तो चोपन्नाव्या वर्षीं तसाच लागेल ही आशा व्यर्थ आहे. आणि तो लागत नसतां लागल्याचा आव आणणारे गायक काय दिसतात तें आपण पाहतोंच. मध्य सप्तकांत त्याच्या आवाजाला आलेला खरखरीत, किंचित् भाजलेला पोत मला तरी पूर्वींच्या चकचकीत स्वरापेक्षां अधिक बोलका वाटतो. चाल गळ्यासाठीं असते, गळा चालीसाठीं नव्हे.

इतकें बोलून झाल्यावर दुसऱ्या पक्षाकडे वळणें भाग आहे. कारण त्याचा डौल मला अधिक असह्य होतो. या लोकांच्या मतें जुनीं गाणीं म्हणजे बालिश गोडवा आणि नवीं म्हणजे परिपक्वता. वाटेल त्या खेळाच्या मैदानावर, भाषा न जाणणाऱ्या हजारों माणसांच्या तोंडून ज्या स्वरांचा उच्चार होतो ते स्वर रचणें ही बालिश गोष्ट आहे काय? कपाळाला आंठ्या घालणें पुष्कळ सोपें आहे. ‘बॅग ऑफ बोन्स’ ही तबकडी या पक्षाची लाडकी. पण तीच मला सर्वांत उसनी वाटते. ‘नॉट सपोज्ड टु सिंग द ब्लूज’ या गाण्याचें नांवच पाहा: ब्लूज गाण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, ही कबुली शीर्षकांतच आहे, आणि ती विनयापेक्षां धाकापोटीं आलेली दिसते. वादन उत्तम, शीर्षकगीतांत जो बोनामसाची गिटारहि मदतीला आहे, परंतु तबकडी संपल्यावर ओठांवर रेंगाळावें असें फार थोडें मागें राहतें. हाडें आहेत, मांस बेताचेंच. वाद्यांचा नाद भारदस्त झाला म्हणजे चालीची उणीव भरून निघते, हा भ्रम या मंडळींना कांहीं काळ झाला होता, आणि त्यांच्या स्तुतिपाठकांना अजून आहे. चाल गेल्याची जी हळहळ पहिल्या पक्षाच्या मनांत आहे ती येथें अगदीं रास्त ठरते.

‘वॉर ऑफ किंग्स’मध्यें हा भ्रम ओसरूं लागतो. शीर्षकगीताची चाल जड पावलांनीं येते, पण ती येते. ‘वॉक द अर्थ’ला २०१८ सालीं स्वीडनचा ‘ग्रामिस’ पुरस्कार हार्ड रॉक व मेटल या वर्गांत मिळाला. पुरस्कारानें असले वाद मिटत नसतात, आणि हाहि मिटला नाहीं. मैफलीची रात्र तर अजून त्या तुतारीवांचून संपत नाहीं. नवीं गाणीं चालू असतां हात बांधून उभे राहिलेले लोक तिच्या पहिल्या चार स्वरांवर उड्या मारूं लागतात. नोरमहि आतां तें गाणें मनापासून वाजवितो. त्याचा मधला गिटारचा तुकडा, कांहीं झालें तरी, त्याचाच आहे.

मला मात्र ‘वॉक द अर्थ’मधील ‘पिक्चर्स’ हें गाणें या साऱ्या भांडणापेक्षां अधिक महत्त्वाचें वाटतें. ‘द फायनल काउंटडाउन’च्या शब्दांना डेव्हिड बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’ची प्रेरणा होती, हें टेम्पेस्टनें लपवून ठेवलेलें नाहीं. ‘पिक्चर्स’ ऐकतांना मला पुन्हां बोवीचीच आठवण होते; पण या वेळीं शब्दांमुळें नव्हे, तर चालीच्या संथ, अधांतरीं तरंगण्यामुळें. येथें टेम्पेस्ट ओरडत नाहीं, नोरम गर्जत नाहीं, मिकेलीचे स्वर धुक्यासारखे भोंवतीं पसरतात, आणि मधोमध एक लांब, सोपी, खरोखर गोड अशी चाल उभी राहते. ती १९८६ सालीं यांना रचतां आली नसती. जुन्या चाहत्यांपैकीं जे तबकडीच्या पहिल्या दोन गाण्यांवरच थांबले, त्यांनीं चौथें गाणें ऐकलेंच नाहीं.